गोल कळ्यांचा हादगा

"कळ्या धरल्यात!" असं हरिभाऊंनी मिरजेच्या बहिणीला फोनवर ओरडून सांगितलं, तेव्हापासून त्यांची सून मंजुषा त्यांच्यासमोर झाडाकडे बघायचं टाळत होती. तिकडे कुसुमआत्यांनी त्याच दिवशी गाडीचं तिकीट काढायला लावलं. इकडे जयपूरला, झोटवाड्याच्या घरी हरिभाऊंनी अंगणातल्या झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या, एक स्वतःला आणि एक बहिणीला, आणि रोज संध्याकाळी एकीवर बसून, दुसरीवर पाय टाकून ते वर बघत राहायचे. शेजारचे लोक जाता-येता विचारायचे, "बाऊजी, क्या देख रहे हो?" त्यावर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हरिभाऊ सांगायचे, "हादगा! मेरी बहन आ रही है इसके लिए."

आज ती यायची होती. गाडीला अजून अवकाश होता, पण हरिभाऊ इस्त्रीचा सदरा घालून केव्हाचे फाटकापाशी उभे होते आणि मधूनमधून मोटारीचा हॉर्न वाजवून मुलाला घाई करत होते. प्रकाश स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चहा पीत होता. तो हाडांचा डॉक्टर. तुटलेलं हाड कुठे पळून जात नाही, तेव्हा घाई कशाची, असं त्याचं एकूण आयुष्याबद्दलच मत होतं.

मंजुषाने ओट्यावरचं फडकं पुन्हा एकदा पिळलं. "प्रकाश, तुला एक सांगायचं राहिलंय. ते झाड हादगा नाहीये."

"मग काय आहे?"

"सुबाभूळ."

प्रकाशने कप खाली ठेवला. "मंजू, तू वनस्पतिशास्त्र शिकवतेस. युनिव्हर्सिटीत. पोरं तुझ्याकडून पानं ओळखायला शिकतात."

"म्हणून तर मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षीच्या मार्चपासून," ती म्हणाली आणि बाहेर हॉर्न वाजला.

आता हे सगळं कुसुमआत्यांच्या एका वाक्यावरून झालं होतं. त्यांचे यजमान गेले, मुलंबाळं नव्हतीच, मिरजेच्या घरात त्या एकट्या. हरिभाऊ दर रविवारी फोन करायचे आणि दर रविवारी तेच म्हणायचे, "कुसुम, ये इकडे राहायला." आत्या एकदा कंटाळून म्हणाल्या, "तुझ्या त्या जयपुरात हादगा फुलू दे, मग येते." दुसऱ्या कुणी ती थट्टा समजून सोडून दिली असती. पण हरिभाऊ जन्मभर कारखान्यात फोरमन होते. काम दिलंय म्हणजे ते पुरं करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. वल्लरी, त्यांची नात, मिरजेला गेली तेव्हा आत्यांकडून त्यांनी बिया मागवल्या आणि पहिल्याच पावसात अंगणात पेरल्या.

हादगा उगवला, आणि काय उगवला! दसऱ्यापर्यंत कमरेला, दिवाळीनंतर छातीला. झपाट्याने वाढणारं झाड, पण जात उबेतली. डिसेंबरअखेर जयपूरची थंडी उतरली आणि जानेवारीत एका सकाळी ते रोप काळं पडून उभं होतं. त्याच जानेवारीत इंदुमतीबाई गेल्या, हरिभाऊंची बायको, प्रकाशची आई. त्यानंतर दोन महिने हरिभाऊ खोलीबाहेर आले नाहीत. जेवण आत, पेपर आत, दाढी वाढलेली. आणि मार्चमध्ये एका सकाळी ते अंगणात आले नि त्यांना दिसलं की त्याच आळ्यात हिरवा कोंब आहे. "मुळातून फुटला! मंजुषा, बाहेर ये, मुळातून फुटला बघ!"

मंजुषा बाहेर आली, वाकली आणि तिने पाहिलं. हादग्याच्या पानाला एक देठ असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ठसठशीत पानं ओळीने लागलेली असतात. इथे देठाला पुन्हा बारीक देठ फुटले होते आणि त्यांवर कोथिंबिरीच्या काडीहून नाजूक पानं. शेणखतातून आलेलं सुबाभळीचं बी, दुसरं काय. ती सांगणार होती. पण हरिभाऊ त्या दिवशी दाढी करून जेवायला टेबलाशी आले.

"मग मी काय करायला हवं होतं?" तिने आता प्रकाशला विचारलं.

"मला सांगायला हवं होतंस! मी दीड वर्ष गाडी रस्त्यावर लावतोय. बाबांना म्हटलं, झाड काढू, शेड घालू, तर मला म्हणाले, आधी मला काढ घरातून. एका सुबाभळीसाठी?"

"म्हणूनच नाही सांगितलं. तू तोडलं असतंस."

प्रकाशने खिडकीतून बाहेर पाहिलं. हरिभाऊ रुमालाने आत्यांची खुर्ची पुसत होते. त्याचा आवाज खाली आला. "आत्या बघताक्षणी ओळखणार. मग त्या म्हणतील, हादगा नाही, मी चालले. आणि बाबा पुन्हा खोलीत जाऊन बसतील."

"बाबा कळ्या म्हणून दाखवतायत ना, तीच फुलं आहेत. पांढरी गोल बोंडं. त्यांतून आणखी काही उमलायचं नाहीये."

"मैं सब सुन चुकी हूँ," दारातून वल्लरी म्हणाली. तिचं ऑफिस शहरात सी-स्कीम भागात, पण आज तिने सुट्टी घेतली होती. "आई, तू पण ना! दीड वर्ष? मतलब, सीरियसली? बरं, आता ऐका. आबांच्या कळ्या टाइमवर नाही उमलल्या तर आत्याआजीला भजी तरी खायला मिळावीत म्हणून मी गौरांगला सांगितलेलं. माझ्या ऑफिसमधला. तो काल पुण्याहून आला. फ्रिजमध्ये बघ, खालच्या डब्यात."

मंजुषाने डबा उघडला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली हादग्याची फुलं होती, पांढरी, वाकडी, बोटभर लांब.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वल्लरीने खणातून शिवणाचा पांढरा दोरा काढला.

"मी त्यांना सिव्हिल लाइन्सवरून लांबून फिरवून आणतो," प्रकाश म्हणाला आणि चहा अर्धा टाकून पहिल्यांदाच घाईने बाहेर गेला.

*

मंजुषा स्टुलावर उभी होती आणि वल्लरी खालून एकेक फूल देत होती. फूल धरायचं, देठाला दोरा गुंडाळायचा, फांदीला गाठ मारायची. मंजुषाला वाटत होतं, आता डिपार्टमेंटमधलं कुणी या गल्लीतून गेलं तर आपण नोकरी सोडायची.

"आई, इतकं वाईट तोंड नको करू."

"वर्गात मी एका मुलीला वहीत चुकीच्या झाडाचं पान चिकटवलं म्हणून पुन्हा सगळं करायला लावलं होतं गं. आणि आता बघ." तिने गाठ आवळली. "निदान कूळ तरी एकच आहे दोघांचं. शेंगावाली दोन्ही."

"मग झालं की. फॅमिली मॅटर आहे."

"हा गौरांग तुझ्यासाठी पुण्याहून भाजी आणतो होय?"

"फुलं आणली, आई. भाजी नाही," वल्लरी म्हणाली आणि लाल झाली. पण त्या विषयात शिरायला वेळ नव्हता, कारण कोपऱ्यावर प्रकाशचा हॉर्न ऐकू आला. तो इतका लांब वाजला की तो इशाराच होता. स्टूल आत गेलं, दोऱ्याचं रीळ मंजुषाच्या पदराखाली.

*

स्टेशनवरून परतताना हरिभाऊ गाडीत रुमालाची घडी घालत आणि मोडत होते. कुसुम शेजारी बसून रस्त्यावरचं सगळं बघत होती, उंटगाडी दिसली की हसत होती, प्रकाशला विचारत होती की तुमच्याकडे आता थंडी कधी पडते. हरिभाऊंच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. कळ्या काल रात्रीपर्यंत उमलल्या नव्हत्या. आठवडाभरात एकही नाही. आणि ती परत जायचं तिकीटसुद्धा काढून आली होती, हे तिने स्टेशनवरच सांगितलं होतं. बायको गेल्यावर घर त्यांना अंगाला सैल होणाऱ्या सदऱ्यासारखं वाटायचं. मुलगा चांगला, सून चांगली, नात तर जीव की प्राण. पण "आपल्या आईच्या हातची आमटी" असं म्हटल्यावर ती कुठली आमटी हे कळणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते दसरा करून परत निघणार होतं.

फाटक उघडलं आणि ते थबकले.

"कुसुम," ते म्हणाले. त्यांनी वर बोट दाखवलं. "कुसुम, उमललाय."

खालच्या फांद्यांवर पांढरी फुलं लोंबत होती. हरिभाऊंनी आयुष्यात हादग्याचं फूल फक्त ताटात पाहिलं होतं. फुलं आणायची ती मुलींनी, ओच्यातून. मुलांनी नुसतं खायचं. पानांतला फरक कळण्याइतकी झाडाशी त्यांची ओळख नव्हती, पण फुलं त्यांनी बरोबर ओळखली. डोळे पुसत त्यांनी बहिणीचा हात धरला. "बोल आता! म्हणाली होतीस की नाही?"

कुसुमआत्यांनी वर पाहिलं. आधी फुलांकडे, मग पानांकडे, मग शेंड्याजवळच्या गोल पांढऱ्या बोंडांकडे. मग दारात ओळीने उभ्या असलेल्या मंजुषा आणि वल्लरीकडे पाहिलं. मंजुषाने डोळे मिटून घेतले.

"फुलला की रे, दादा," कुसुमआत्या म्हणाल्या. "सगळा खालच्या खाली फुललाय. हात पुरेल तेवढाच. भारी समजूतदार झाड आहे तुझं."

"मग! मी वाढवलंय."

"आण टोपली. भजी माझ्या हातची. पहिलं फूल दादाच्या पानात, आपल्या घरची रीतच आहे."

मंजुषा पुढे झाली, "आत्या, तुम्ही दमला असाल, मी खुडते," पण आत्यांनी तिला हाताने बाजूला सारलं. वल्लरी टोपली घेऊन शेजारी उभी राहिली. तिने पाहिलं, आत्याआजी फूल खुडते, अंगठ्याच्या नखाने दोरा तोडून मुठीत घेते, फूल टोपलीत टाकते आणि मूठ हळूच कमरेला नेऊन पिशवीत रिकामी करते. वल्लरी आणखी जवळ सरकली.

"आत्याआजी," ती कुजबुजली.

"गप," आत्या तितक्याच हळू म्हणाल्या. "गाठी चांगल्या मारल्यात. शिवणकाम शिकलीस का?"

*

जेवायला सगळे टेबलाशी बसले. आत्यांनी फुलांतला कडू दांडा काढून, डाळीच्या पिठात हिंग-ओवा घालून भजी तळली होती आणि पहिली चार हरिभाऊंच्या ताटात वाढली. प्रकाश खुशीत होता. संकट टळलं की तो बडबड्या होतो. "बाबा, मी तर म्हणतो झाड राहू दे. शेड नको. गाडीवर सावली पडते."

"आज सुचलं?" हरिभाऊ म्हणाले आणि त्यांनी भजं मोडून तोंडात घातलं. चावलं. थांबले. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी काहीतरी ओढलं. ते लांबतच गेलं.

पांढरा दोरा होता, आणि त्याच्या टोकाला गाठ होती.

वल्लरीने पाणी प्यायला सुरुवात केली. प्रकाशला एकदम वरणात काहीतरी दिसलं. हरिभाऊंनी दोरा ताटाच्या कडेला सरळ ठेवला, त्या गाठीकडे बराच वेळ पाहिलं, मग उठले आणि अंगणात गेले. खिडकीतून सगळ्यांना दिसलं, ते फांदी खाली ओढून बघतायत. घाईत सुटलेले दोन-तीन दोरे तिथे अजून लोंबत होते.

ते परत आले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मंजुषाला जास्त भीती वाटली.

"मंजुषा, झाड कशाचं आहे?"

"सुबाभळीचं, बाबा."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"मी रोज पाणी घालत होतो. उन्हाळ्यात दोनदा. गल्लीला सांगत होतो." ते खुर्चीत बसले. "सगळ्या गल्लीत हसं केलंस माझं."

"नाही हो, बाबा." मंजुषाला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. "आई गेल्यावर तुम्ही त्या कोंबासाठी पहिल्यांदा बाहेर आलात. दाढी केलीत. मी त्या दिवशी सांगणार होते, पण तुम्ही पोळी मागून घेतलीत. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. मग नाही सांगवलं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ते गच्चीवर गेलं."

"ते फारच लवकर वाढलं," प्रकाश म्हणाला. बायकोची बाजू घ्यायची ही त्याची पद्धत होती. "बाबा, दोरा माझ्या संमतीने बांधलाय. मलाही बोला."

"फुलं मी मागवली," वल्लरी म्हणाली. "आणि गौरांगने आणली. त्याला पण रागवा हवं तर. येईल तो."

हरिभाऊंनी त्या तिघांकडे पाहिलं. रागवायला चेहरा शोधत होते, पण तिन्ही चेहरे सारखेच रडवेले होते. मग ते बहिणीकडे वळले. "कुसुम, हरलो मी. हादगा मेला त्या थंडीतच. तू जा हो आपली, तुझं तिकीट आहे."

कुसुमआत्या शांतपणे भजं खात होत्या. ते संपवून, हात पुसून त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"फाटकातून कळलं असणारच. तुझे डोळे..."

"फाटकातून कशाला? फोनवरच कळलं. म्हणालास ना, गोल गोल कळ्या आहेत, लोकरीच्या गोळ्यासारख्या. हादग्याची कळी अशी गोल असते होय? आमच्या मागच्या बोळात शेळ्या चरतात ती सुबाभूळ. मी मनात म्हटलं, दादाने सुबाभूळ वाढवलीय."

"आणि तरी आलीस? एवढ्या लांब?"

"आले." आत्या थोडा वेळ टेबलावरचं पीठ बोटाने गोळा करत राहिल्या. "सकाळी दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं. मधे कुणी हाक मारत नाही, दादा. कंटाळले मी. पण तू नुसतं ये-ये म्हणायचास. येऊन करायचं काय? भावाच्या घरी पाहुणी म्हणून किती दिवस बसू? बाईमाणसाला हाताला काम लागतं. म्हणून तर हादग्याचं बोलले. कळ्या आल्या म्हणालास, म्हटलं, निमित्त चालून आलंय, सोडायचं कशाला."

असं म्हणून त्यांनी कमरेची पिशवी सोडली. आधी तोडलेल्या दोऱ्यांचा गुंता बाहेर आला, आणि त्याखालून रुमालाची एक पुरचुंडी. ती उघडून त्यांनी टेबलावर ठेवली. आत बारीक तपकिरी बिया होत्या.

"कसा मेला रे तो पहिला? थंडीत उघडा ठेवलास?"

"उघडाच. झाडाला काय पांघरूण घालायचं?"

"घालायचं! आता कुंडीत लावायचा, दक्षिणेच्या भिंतीला, ऊन लागेल असा. थंडी पडली की रोज दिवेलागणीला गोणपाट पांघरायचं, सकाळी काढायचं. एक दिवस विसरलं की गेला. उन्हाळ्याच्या तोंडाला जमिनीत. हे तुला जमायचं नाही. या डॉक्टरला तर नाहीच." त्यांनी प्रकाशकडे पाहिलं. "ते परतीचं तिकीट रद्द करता येतं ना रे?"

"आत्ता करतो," प्रकाश म्हणाला. त्याचा फोन आधीच हातात होता.

"आणि ती सुबाभूळ?" वल्लरीने विचारलं. "तोडायची?"

"कुणी हात लावायचा नाही," हरिभाऊ म्हणाले. आता त्यांचा आवाज फोरमनचा झाला होता. "दीड वर्ष पाणी घातलंय मी. तिचं नाव काय आहे ते तिला कुठे माहीत होतं?" मग सुनेकडे न बघता ते म्हणाले, "मंजुषा, भजी घे. गार होतायत." मंजुषाने डोळे पुसले आणि दोन घेतली.

"फक्त शेंगा धरल्या की खुडायच्या," आत्या म्हणाल्या. "नाहीतर सगळा झोटवाडा सुबाभळीचा होईल. तेही मीच बघेन."

संध्याकाळी सगळे झाडाखाली जमले होते. बिया वाटीत भिजत होत्या. उन्हं उतरली तशी सुबाभळीची पानं मिटायला लागली आणि हरिभाऊ सवयीने दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून वर बघत बसले.

"आता नीट ठरवून घेऊ," कुसुमआत्या म्हणाल्या. "पुन्हा घोळ नको. हादगा फुलेपर्यंत मी राहते. फुलला की मी मोकळी, मग मिरजेला जाईन. कबूल?"

हरिभाऊंनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा पडला.

"काय गं मंजुषा, तू शिकवतेस म्हणून विचारते. या हवेत फुलं यायला किती काळ लागेल?"

वर्गात कुणी विचारलं असतं तर मंजुषाने फाडकन सांगितलं असतं की हादग्याइतकं भरभर वाढणारं झाड विरळा, पेरल्यापासून वर्षाच्या आत-बाहेर ते फुलतं. हरिभाऊ तिच्याकडे बघत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग वाटीतल्या बियांकडे.

"इथे ना, आत्या? निदान सहा-सात वर्षं."

मिरजेच्या परसात जन्मभर हादगा लावत आलेल्या कुसुमआत्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "तेवढी तर लागायचीच," त्या म्हणाल्या, आणि भावाकडे वळल्या. "दादा, त्या खुर्चीवरचे पाय काढ."